विरळ अर्धं

चौथी खुंटी जमिनीत गेली आणि हिंदूराव इंगवल्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, मयताला आल्यासारखी.

"साहेब, हितंच म्हणता?"

"मी नाही म्हणत, आकडे म्हणतात," डोईफोडे साहेब टेप गुंडाळत म्हणाले. "शेताच्या कोपऱ्यापासून इतकं लांब, इतकं आत. जिथं आलं तिथं आलं."

"म्हंजे बुडालं गाव," हिंदूराव म्हणाला. हे म्हणताना त्याच्या तोंडावर दुःख होतं की अभिमान, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. ह्या गोष्टीला वीसेक वर्षं होऊन गेली.

डोईफोडे आमच्या भागाचे कृषी सहायक. परभणीकडचे, नोकरीत नवे, मोटारसायकल जुनी. पीक कापणीच्या प्रयोगासाठी आले होते. कुणाचं शेत घ्यायचं हे तालुक्याला चिठ्ठी टाकल्यासारखं ठरून येतं, आणि शेतात नेमकं कुठं, तेही आकडे काढूनच ठरवायचं असतं. तिथं दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद चौकट आखायची, चार खुंट्यांना सुतळी बांधायची, आणि दुसऱ्या दिवशी त्या चौकटीतलं पीक काढून वजन करायचं. त्या वर्षी पावसानं ऐन श्रावणात पाठ फिरवली होती. आमच्या मंडळातल्या, म्हणजे आसपासच्या दहा-पंधरा गावांतल्या, सगळ्या भुईमुगाचा विमा उतरलेला. बाकीच्या गावांतले प्रयोग झाले होते, आणि सरपंचानं तालुक्याहून बातमी काढून आणली होती की पिकाची सरासरी विम्याच्या आकड्याच्या अगदी काठावर येऊन बसलीय. आता जे काय व्हायचं ते आमच्या गावच्या, बोरमाळाच्या, ह्या एका चौकटीवर. शेंगा कमी भरल्या तर मंडळातल्या प्रत्येकाला भरपाई. जास्त भरल्या तर कुणालाच काही नाही.

आणि चौकट पडली होती हिंदूरावाच्या दाट अर्ध्यात.

हे अर्ध्याचं प्रकरण सांगायला हवं. मी तेव्हा गावच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. खताचं गोदाम माझ्या ताब्यात, त्यामुळं गावातली माणसं मी पोत्यांवरून ओळखायचो. ज्याचं रान रस्त्याला लागून, तो युरिया जास्त नेणार, कारण येणारा-जाणारा बघतो. ज्याचं रान भावाच्या रानाला लागून, तो त्याहून एक पोतं जास्त नेणार, कारण बांधापलीकडचं हिरवं त्याला सोसत नाही. हिंदूरावाचं रान रस्त्यालाही लागून होतं आणि भावाच्याही. त्यानं किती पोती नेली असतील ह्याचा अंदाज करा.

त्याच्या बायकोनं, मालननं, त्या साली हट्ट धरला होता. "ह्या खेपंला अर्धं रान माझ्या मनानं." माहेरी भावाच्या रानात तिनं काही बघितलं होतं. नवऱ्यानं हसत अर्धं दिलं, लहान पोराला आजोबाची काठी खेळायला द्यावी तसं. मग त्यानं आपल्या अर्ध्यात पाभरीनं दाट पेरलं, बी दुप्पट टाकलं आणि वर युरिया. मालननं तिच्या अर्ध्यात बायका लावून एक-एक दाणा टोकला. ओळीओळींत अंतर, रोपारोपांत अंतर. आमच्या गावात पिकातनं माती दिसणं म्हणजे फाटक्या धोतरानं सोयरिकीला जाण्यासारखं. लोक रस्त्यावर सायकल थांबवून विचारायचे, "वैनी, मधली मधली उंदरानं खाल्ली काय वो?" पुढं फुलं लागल्यावर ती गोदामात आली आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेलं जिप्सम मागितलं. शेंगा पोसायला घालायचं ते पांढरं पीठ आमच्याकडं कुणी नेत नसे. मी विचारलं, "घर रंगवायला का?" ती म्हणाली, "न्हाई शेक्रेटरी, तुमच्या तोंडाला लावायला." मी मुकाट्यानं पोती बाहेर काढली.

तर डोईफोडे फटफटी उडवत पुढच्या गावाला गेले, आणि बांधावर आम्ही चौघं राहिलो. हिंदूराव, सरपंच भगवानराव फडतरे, मी, आणि मजुरीला येणारी बायजाक्का. ऊन अजून पुरतं कललं नव्हतं. हिंदूरावाचा भुईमूग गुडघ्याला लागत होता, असा गर्द की आत साप शिरला तर वाट चुकावा.

"कसा आलाय बघा," हिंदूराव म्हणाला. "दुष्काळ वाटतो का हा? उद्या काटा तुटायचा."

"काटा तुटंल का न्हाई ठावं न्हाई, गाव तुटतंय," सरपंच म्हणाले. "तुला काय गरज होती रं एवढं भरून आणायची?"

"आता पीक चांगलं आणलं ह्यो बी गुन्हाच का?"

"ह्या साली गुन्हाच."

बायजाक्का खाली बसली. तिचा दहा गुंठ्यांचा तुकडा, त्यात भुईमूग नावालाच होता. दारात एक म्हैस. वैरण संपत आली होती, आणि भरपाई यायची नसेल तर म्हैस बाजारात न्यायची हे तिनं ठरवलं होतं. "दूध देती वो ती अजून," ती मला म्हणाली, जसं काही विमा मीच देणार होतो.

सरपंच बराच वेळ दोन्ही अर्ध्यांकडं बघत उभे राहिले. मग त्यांनी पलीकडं हात केला. "हिंदू, तुझ्या मालकिणीचं अर्धं बघ. माती दिसतीया. तिथं काय निघणार हाय?"

"तिथं काय! एका झाडाला दोन शेंगा निघाल्या तर नशीब."

"मग ह्या चार खुंट्या तिथं असत्या तर?"

सुतळी वाऱ्यानं थरथरत होती. दुसऱ्या दिवशीच्या पंचनाम्यावर माझी सही असणार होती, आणि काटाही सोसायटीचा म्हणजे माझाच.

"सरपंच, सरकारी खुंटी हाय," मी म्हणालो. "अंगाशी यायचं."

"अंगाशी तुमच्या एकट्याच्या येईल, शेक्रेटरी. पोटाशी सगळ्या गावाच्या आलंय."

"साहेबानं उद्या टेप टाकला तर?"

"त्याला उद्या पल्याडच्या मंडळात आणखी दोन गावं करायची हायत. टेप कशाला टाकतोय?" सरपंच हिंदूरावाकडं वळले. "तुझं रान. तूच काय ते ठरीव."

हिंदूरावानं छाती भरून श्वास घेतला. मी माणसं बघण्यात आयुष्य घालवलंय. गावासाठी त्याग करायची संधी, आणि तीही अशी की त्यात आपलं पीक सगळ्यात भारी ठरतं, ही फार कमी लोकांना मिळते. "गावापायी," तो म्हणाला, "माझ्या पिकाचं कौतुक झालं न्हाई तरी चालंल." आणि खुंट्या उपटून तो मालनच्या अर्ध्याकडं निघाला.

तेवढ्यात मालन गवताचा भारा घेऊन बांधावर आली. तिनं एका नजरेत सगळं बघितलं आणि भारा खाली टाकला.

"आवो, ह्ये काय चाललंय?"

"गप. गावाचं काम हाय."

"गावाचं काम माझ्या रानात कशाला?"

सरपंचांनी समजावलं, गोड आवाजात, ते मतं मागताना बोलत त्या आवाजात. "वैनी, तुमच्यात चौकट गेली की वजन कमी भरंल. गावाचं भलं हुईल."

मालननं त्यांच्याकडं बघितलं, मग खुंट्यांकडं. "माझ्यात नका टाकू."

"का वो?"

"माझ्यात शेंगा हायत म्हणून."

सरपंच हसले. हिंदूराव तर टाळी द्यायला माझ्याकडंच वळला. बायजाक्कासुद्धा पदरात हसली. मला वाटलं, बाईला उद्या चारचौघांत आपला हट्ट उघडा पडायची भीती वाटतेय. तसंच सगळ्यांना वाटलं असणार, कारण सरपंच तिला म्हणाले, "वैनी, कमी निघालं तर कुणी हसणार न्हाई. मी शबूद देतो."

"मी कमी म्हणतच न्हाई," ती म्हणाली. "मी जास्ती म्हणतीया. आयकता का न्हाई?"

"आईकलं, आईकलं."

हिंदूरावानं सुतळी आणि खुंट्या नेऊन तिच्या अर्ध्यात नेमक्या मोकळ्या दिसणाऱ्या जागी ठोकल्या. मालन बांधावर उभी राहून बघत होती. शेवटची खुंटी ठोकताना ती फक्त म्हणाली, "तिथं तर सगळ्यात चांगलं हाय." त्यावरही सरपंच हसले.

सकाळी डोईफोडे वेळेआधी आले. सरपंचांचं बरोबर होतं, त्यांनी टेप काढलाच नाही. कागदाची पॅड, पेन, चहा. चौकट बघून एकदा चेहरा जरा वाकडा केला, "इथंच होती का?" असं पुटपुटले, आणि मी इकडं काट्याची वजनं पुसत बसलो. हिंदूराव म्हणाला, "हितंच साहेब, तुम्हीच न्हाई का ठोकली." आणि त्यांनी मान डोलावली. गाव रस्त्यावर येऊन उभं होतं. कोणी सायकलवर, कोणी बैलगाडीला टेकून, जणू सहज थांबलेत.

बायजाक्कानं पहिलं झाड उपटलं.

झाड लहानसं होतं, पसरट. बायजाक्कानं ते झटकलं, माती खाली पडली, आणि ती झाड तसंच हातात धरून राहिली. बुडाशी शेंगांचा घोस लागला होता, भरलेल्या, टणक, एकाला एक चिकटलेल्या.

"असतं असं एखादं," सरपंच म्हणाले.

दुसरं. मग तिसरं. चौथं उपटताना जमिनीत काही कडकड तुटल्यासारखा आवाज झाला आणि झाडाच्या बरोबर मातीचं ढेकूळ वर आलं, त्यातही शेंगा.

"अगं, हळू," सरपंच बायजाक्काला म्हणाले. "हळू उपट. खाली राहिल्या तर राहू दे."

"राहिल्या तर कशा राहू दे?" मालन चौकटीत शिरली आणि फुटलेलं ढेकूळ बोटांनी कुस्करत शेंगा वेचायला लागली. "काल मी नको म्हणत हुते. आता मोजायचंच तर समदं मोजा."

त्या तासाभरात मी जे बघितलं ते पुन्हा कधी बघायला मिळालं नाही. सगळं गाव पीक कमी निघावं म्हणून देवाला साकडं घालत होतं आणि जमीन आपली देतच चालली होती. रस्त्यावरची माणसं एकेक करून बांधावर आली. एकानं विडी पेटवली आणि न ओढताच विझवली. सरपंच मदत करायच्या निमित्तानं चौकटीत उतरले, आणि मी बघतोय तर त्यांच्या चपलेखाली दोन-तीन शेंगा हळूच मातीत चालल्यात.

"सरपंच, पाय उचला," मालन मान वर न करता म्हणाली.

सरपंचांनी पाय उचलला. तिनं शेंगा वेचून ओच्यात घातल्या. "दुसरा बी."

त्यांनी दुसराही उचलला. एवढ्या माणसांत कोणीही हसलं नाही, आणि सरपंच एका पायावर उभे असताना आमच्या गावात कोणी हसत नाही, म्हणजे प्रसंग काय होता ते समजा.

शेंगा तोडून झाल्या. बायजाक्कानं एक शेंग इकडची तिकडं केली नाही. पोत्यात भरून मी पोतं काट्याला लावलं. काट्याचा दांडा मी गावातल्या कितीतरी भांडणांत धरलाय, पण हात असा कधी ओला झाला नव्हता. सहा किलोच्या आत राहिलं तर सुटलो, असं सरपंचांनी कालपासून दहा वेळा सांगितलं होतं. सहाचं वजन ठेवलं. दांडा हललाच नाही. आठचं ठेवलं. दहाचं.

"अकरा," मी म्हणालो. "अकरा किलो दोनशे."

"गेली," बायजाक्का म्हणाली. "म्हस गेली माझी."

डोईफोडेंनी आकडा लिहिला. "छान आलंय हो पीक, दुष्काळाच्या मानानं," ते बिचारे आनंदानं म्हणाले. "बाकीच्या गावांचं काही खरं नव्हतं."

सरपंचांनी माझा दंड धरला आणि दुसऱ्या हातानं हिंदूरावाचा, आणि आम्हाला बाभळीखाली नेलं.

"आता साहेबाला सांग," ते हिंदूरावाला म्हणाले.

"काय सांगू?"

"खुंट्या हलवल्या म्हणून. खरी चौकट तुझ्यात हुती म्हणून."

"मी सांगू?"

"मग मी सांगू? मला खुर्ची हाय."

"मला अब्रू हाय की!" हिंदूराव म्हणाला. "आणि सांगून उपयोग काय? तिच्या असल्या विरळात अकरा निघालं. माझ्यात काढलं तर पंधरा निघंल. मग?"

सरपंचांना हे पटलं. घाबरलेल्या माणसाला काहीही पटतं. पण मी पोत्यांवरून माणूस ओळखणारा असलो तरी नुकताच अकरा किलोचा दांडा धरून आलो होतो, आणि काल ज्याला मी रिकामं म्हणत होतो ते भरलेलं निघालं होतं. मग भरलेलं म्हणत होतो त्याचं काय? मी म्हणालो, "हिंदूराव, एक झाड उपटून तर बघा."

तो बाभळीच्या पलीकडं त्याच्या दाट अर्ध्यात गेला आणि त्यातलं सगळ्यात उंच, सगळ्यात हिरवं झाड निवडून उपटलं. ते इतकं सहज वर आलं की तोच मागं भेलकांडला. पाला एवढा की हातात मावेना. बुडाशी दोन शेंगा, एक पोकळ. बाकी नुसत्या आऱ्या, शेंगा धरायला खाली सुटलेले ते बारके दोरे, मातीपर्यंत न पोचता वाळून गेलेले. त्यानं दुसरं उपटलं. तिसरं उपटलं तेव्हा त्यात काहीच नव्हतं.

त्यानं ती तीन झाडं पाठीमागं लपवली. कुणापासून लपवत होता कोण जाणे, आम्ही दोघं तर समोरच होतो.

सरपंचांचा चेहरा मात्र उजळला. इतका उजळला की मला लाज वाटली. "आरं, तुझ्यात काय बी न्हाई!" ते हर्षानं म्हणाले. "हिंदू, गाव वाचलं! तुझ्यात काय बी न्हाई! जा, सांग जा साहेबाला."

हिंदूराव हलला नाही. तिकडं डोईफोडे कागदावर सही करायच्या बेतात होते. बांधावर सगळं गाव उभं. त्यात त्याचा भाऊही होता, ज्याच्या बांधाला लागून त्यानं पोत्यामागून पोतं ओतलं होतं. मालन शेंगांच्या पोत्याशेजारी बसली होती आणि इकडंच बघत होती. तिला सगळं कळलं होतं. ती उठून त्याच्यासाठी बोलेल असं मला एकदा वाटलं. ती उठली नाही. तिनं फक्त मान सावकाश हलवली, जा म्हणून.

तो गेला. त्याला तिथवर जायला जेवढा वेळ लागला तेवढ्या वेळात डोईफोडेंच्या पेनाचं टोपण निघालं होतं.

"साहेब."

"बोला हिंदूराव."

"ह्या खुंट्या मी हलवल्या." आवाज एवढा बारीक की डोईफोडे पुढं वाकले. त्यानं पुन्हा, मोठ्यानं म्हटलं. "काल तुम्ही माझ्यात ठोकल्या हुत्या. त्या मी हितं आणल्या. गावाला भरपाई मिळावी म्हणून. मला वाटलं हितं कमी निघंल."

बांधावर कुजबूज सुरू झाली आणि लगेच थांबली.

"मग?" डोईफोडे म्हणाले. ते पांढरेफटक पडले होते. सकाळी टेप टाकला नाही हे त्यांना आठवलं असणार.

हिंदूरावानं पाठीमागची झाडं पुढं आणली आणि त्यांच्या समोर धरली. "खरी चौकट माझ्यात हाय. आणि माझ्यात काय न्हाई, साहेब. नुसता पाला हाय."

त्याच्या भावानं खाली बघितलं. एरवी असा दिवस तो कधी सोडणारा नव्हता.

डोईफोडेंनी टेप काढला. कोपऱ्यापासून पुन्हा मोजलं, मी दुसरं टोक धरलं, आणि टेप आला तो हिंदूरावाच्या दाट अर्ध्यात, काल खुंटीनं पडलेल्या भोकापाशी. "ही खरी जागा," ते म्हणाले. "इथलंच काढावं लागेल. ते आधीचं..." ते कागदाकडं बघत थांबले, आणि मग नव्या नोकरीतल्या साहेबानं करू नये असं काही त्यांनी केलं. त्यांनी मालनला विचारलं. "ताई, ते अकरा किलो मला खोडावं लागेल. खोडू?"

बायजाक्का मालनकडं बघत होती. गाव बघत होतं. हिंदूराव बघत नव्हता.

"खोडा," मालन म्हणाली. "पर खोडायच्या आधी एकदा मोठ्यांदी वाचा."

"काय?"

"काय लिवलंय त्ये. समद्यांस्नी आयकू जाईल आसं."

डोईफोडेंनी घसा खाकरला. कागद उंच धरला, शाळेत बक्षिसांची नावं वाचतात तसा. "मालन हिंदूराव इंगवले यांच्या अर्ध्यातलं," ते म्हणाले, आणि हे कागदावर असं लिहिलेलं नव्हतं, मी स्वतः बघितलं होतं, ते त्यांनी मनानं घातलं. "शेंगा अकरा किलो दोनशे ग्रॅम."

मग त्यांनी त्यावर रेघ मारली.

हिंदूरावाच्या अर्ध्यातलं त्यानं स्वतःच उपटलं, कुणाला हात लावू दिला नाही. पाल्याचा ढीग कमरेएवढा झाला आणि शेंगा एका घमेल्यात मावल्या. साडेतीन किलोसुद्धा भरल्या नाहीत. माणसांनी सुस्कारे सोडले. बायजाक्का रडायला लागली आणि रडत रडत तिनं त्याच्याच पाल्यातला एक भारा म्हशीला मागून घेतला. तो म्हणाला, "न्ये. न्ये समदा."

"चला," सरपंच टोपी नीट करत म्हणाले, "देवानं राखलं म्हणायचं."

"देवानं न्हाई सरपंच," मालन म्हणाली. "ह्यांच्या युरियानं."

ह्या वेळी मात्र लोक हसले. हिंदूरावाचा भाऊ सगळ्यात जोरात. सरपंच हसले नाहीत, ते भराभरा रस्त्याकडं चालू लागले, आणि त्यांच्या मागून गाव पांगलं. भरपाई त्या साली आली, येते तशी उशिरा, पण आली. बायजाक्काची म्हैस त्यानंतर दोनदा व्याली.

मी मात्र लगेच निघालो नाही. काटा सोसायटीचा, तो मोडून सायकलला बांधायचा होता. वजनं पिशवीत घालून मी वळलो तर हिंदूराव मालनच्या अर्ध्यात, चौकटीबाहेरच्या उभ्या ओळीत उकिडवा बसला होता. एका झाडाच्या बुडाशी अंगठा टेकवून त्यानं पंजा ताणला होता आणि करंगळी पुढच्या झाडापर्यंत नेऊन बघत होता. ती पुढच्या झाडाच्या पलीकडं गेली. त्यानं हात उचलून पुन्हा पहिल्यापासून टेकवला. पुन्हा पलीकडं.

मालन पोतं डोक्यावर घ्यायच्या बेतात होती. तिनं ते खाली ठेवलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"तुमच्या हातानं मोजू नका," ती म्हणाली. "तुमचा पंजा मोठा हाय."

त्यानं हात बाजूला घेतला. तिनं आपला हात मातीवर ठेवला, अंगठा एका झाडाशी, करंगळी दुसऱ्याशी. बरोबर बसला.

"आणि दोन ओळींत?" त्यानं विचारलं.

मी सायकल ढकलत रस्त्याला लागलो.